मिटलेला ‘एक्स’ आणि हिवतापाची गोळी

हिवतापाच्या उपचारातली एक अडचण गेली सत्तर वर्षे सुटलेली नाही. व्हायवॅक्स प्रकारचा परजीवी ताप उतरल्यावरही यकृतात दडून बसतो आणि काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी पुन्हा डोके वर काढतो. त्याला तिथून उखडणारे औषध म्हणजे प्रायमाक्विन. आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार ते सलग १४ दिवस घ्यायचे असते. अंगातला ताप गेलेला माणूस पुढे १४ दिवस गोळ्या घेत बसत नाही, हे कोणत्याही आशाताई सांगतील. म्हणूनच एकाच मात्रेत काम उरकणाऱ्या टॅफेनोक्विनकडे जगाचे लक्ष लागले. अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये तिला मान्यता दिली. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२४ मध्ये तिची शिफारस केली, तीही तूर्त दक्षिण अमेरिकेपुरती. पुढच्याच महिन्यात ही गोळी आणि ती देण्याआधी करावयाची ‘जी६पीडी’ चाचणी, दोन्ही संघटनेच्या पूर्वपात्र उत्पादनांच्या यादीत आल्या.

बातमी गोळीची झाली. चाचणीबद्दल फारसे कोणी बोलले नाही. खरा गुंता मात्र चाचणीत आहे, आणि तो स्त्रियांच्या बाबतीत अधिक आहे. तो समजून घ्यायचा तर १९४९ सालच्या कॅनडातल्या मांजरांपासून निघून, कल्याणच्या एका कोळी कुटुंबावरून, प्रथिन न बनवणाऱ्या एका विचित्र आरएनएपर्यंत जावे लागते.

आधी जी६पीडी म्हणजे काय ते पाहू. हे एक विकर, म्हणजे एन्झाइम. तांबड्या रक्तपेशीत ते गंजरोधकाचे काम करते. पेशीत प्राणवायूची सतत वाहतूक चालू असल्याने तिची भिंत आणि आतले हिमोग्लोबिन ‘गंजण्याचा’ धोका कायम असतो. जी६पीडी पुरेसे असेल तर पेशी तो रोजचा मार सहन करते. कमी असेल तरीही बहुतेकांना आयुष्यभर पत्ता लागत नाही. पण प्रायमाक्विनसारखे औषध पोटात गेले की पेशी पटापट फुटू लागतात. लघवी चहासारखी काळपट होते, डोळे पिवळे पडतात, दम लागतो. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी हे नाते उलगडले. प्रायमाक्विन घेऊन काही मोजक्याच लोकांचे रक्त का फुटते, या प्रश्नाचे उत्तर या एका विकराच्या कमतरतेत सापडले.

या विकराचे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. पुरुषाला एकच एक्स असतो. त्यावरचे जनुक सदोष असेल तर त्याच्या साऱ्या तांबड्या पेशी दुबळ्या, निर्दोष असेल तर साऱ्या धडधाकट. हिशेब सरळ आहे. स्त्रीला दोन एक्स असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. मग तिच्या शरीरात एक्सवरच्या जनुकांची प्रथिने पुरुषाच्या दुप्पट बनायला हवीत. एक्सवर प्रथिने घडवणारी ८०० हून अधिक जनुके आहेत. त्या मानाने वाय गुणसूत्र अगदीच तुटपुंजे. एवढ्या जनुकांचे उत्पादन दुप्पट झाले तर गर्भ तगणारच नाही. निसर्गाने यावर काढलेला तोडगा म्हणजे प्रत्येक पेशीत एक एक्स मिटवून टाकणे.

हे कळले ते तुकड्यातुकड्याने. कॅनडात मरी बार आणि त्यांचे विद्यार्थी युअर्ट बर्ट्रम मांजराच्या चेतापेशी न्याहाळत होते. मादीच्या पेशीकेंद्रात त्यांना एक गडद ठिपका दिसला, नराच्या पेशीत तो नव्हता. हे १९४९ साल. दहा वर्षांनी सुसुमु ओहनो यांनी तो ठिपका म्हणजे घट्ट आवळून बसलेले एक एक्स गुणसूत्र असल्याचे दाखवले. १९६१ मध्ये ब्रिटनच्या मेरी लायन यांनी उंदरांच्या ठिपकेदार कातडीवरून सगळे धागे एकत्र ओवले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: गर्भ अगदी लहान असताना त्यातली प्रत्येक पेशी दोनपैकी एक एक्स मिटवते; कोणता मिटवायचा, हे नाणेफेकीवर ठरते; आणि एकदा ठरले की त्या पेशीच्या साऱ्या वंशजांत तोच मिटलेला राहतो.

तिरंगी मांजर याचे चालतेबोलते उदाहरण आहे. केशरी रंग ठरवणारी जागा एक्सवर असल्याने ज्या पेशींत केशरीचा एक्स उघडा तिथे केशरी ठिगळ, जिथे दुसरा उघडा तिथे काळे. म्हणूनच तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादी असते. (तो केशरी रंग नेमका कोणत्या जनुकामुळे, हे मात्र शास्त्रज्ञांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केले. एवढ्या ओळखीच्या प्राण्याचे कोडे सुटायला लायन यांच्यानंतरही साठ वर्षे लागली.) स्त्रीचे शरीरही असेच गोधडीसारखे आहे. काही तुकडे आईच्या लुगड्याचे, काही वडिलांच्या धोतराचे, आणि कोणता तुकडा कुठे बसला याला नियम नाही.

लायन यांची कल्पना माणसात खरी ठरते का, हे तपासायला सगळ्यात सोयीचे जनुक ठरले ते हेच जी६पीडी. १९६२ मध्ये अमेरिकेत अर्नेस्ट ब्यूटलर आणि सहकाऱ्यांनी, एक एक्स निर्दोष आणि एक सदोष असलेल्या स्त्रियांचे रक्त तपासले. त्या स्त्रियांच्या सगळ्या पेशी ‘अर्ध्या ताकदीच्या’ निघाल्या नाहीत. काही पेशी पूर्ण सशक्त होत्या, काही जवळजवळ रिकाम्या. रक्त एकच, पण पेशींचे दोन तळ.

हे सगळे परदेशात घडत असताना मुंबईतही काम सुरू होते. १९६३ मध्ये एल. डी. संघवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतल्या पारशी समाजातील जी६पीडीच्या कमतरतेचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे १९८४ मध्ये इश्वाद आणि नाईक या संशोधकांना एका कोळी कुटुंबात या विकराचा वेगळाच प्रकार सापडला. अशा प्रकारांना गावाचे नाव देण्याची पद्धत आहे. त्याप्रमाणे याचे नाव पडले ‘जी६पीडी कल्याण’. केरळमध्येही एक प्रकार आधी नोंदवला गेला होता. १९९२ मध्ये दोन्हींच्या जनुकांची अक्षरे वाचली गेली आणि प्रथिनाच्या ३१७ व्या जागेवर तोच एक बदल दोन्हीकडे असल्याचे दिसले. तेव्हापासून जगभरच्या वैद्यकीय साहित्यात तो ‘केरळ-कल्याण’ या जोडनावाने ओळखला जातो. ओडिशाच्या नावाचाही एक प्रकार आहे, तो देशातल्या आदिवासी समाजांत अधिक आढळतो. कल्याणच्या फलाटावर रोज लाखो माणसे उतरतात, पण या गावाचे नाव जनुकशास्त्राच्या यादीत आहे हे फार थोड्यांना माहीत असेल.

आता त्या आरएनएकडे. पेशी इतक्या नेमकेपणे एकच एक्स कसा मिटवते, याचे उत्तर १९९१ पर्यंत कोणाकडे नव्हते. त्या वर्षी कॅरोलिन ब्राऊन, हंटिंग्टन विलर्ड आणि सहकाऱ्यांनी ‘एक्सिस्ट’ नावाचे जनुक शोधले. त्याची गंमत अशी की ते फक्त मिटलेल्या एक्सवरच चालू असते. उघड्या एक्सवर ते गप्प. त्यातून सुमारे १७ ते १९ हजार अक्षरांचा लांबलचक आरएनए निघतो. एवढा लांब आरएनए म्हणजे त्यातून मोठे प्रथिन बनत असणार, असे कोणालाही वाटेल. पण त्यात प्रथिनाची कृतीच लिहिलेली नव्हती. तो पेशीकेंद्राच्या बाहेर पडत नाही. ज्या एक्समधून निघाला त्याच एक्सभोवती तो गुंडाळला जातो, डझनावारी प्रथिनांना बोलावून घेतो आणि ती प्रथिने मिळून गुणसूत्राची जनुके एकेक करून बंद करतात. जो एक्स मिटायचा, तोच स्वतःवर घालायचे पांघरूण विणतो.

शाळेत आपण शिकलो ते असे: डीएनएवरून आरएनए, आरएनएवरून प्रथिन. आरएनए म्हणजे निव्वळ निरोप्या. एक्सिस्टने हे चित्र मोडले. आपल्या जनुकसंचातला जेमतेम एक ते दोन टक्के भाग प्रथिनांच्या कामी येतो आणि उरलेल्याला बरीच वर्षे ‘कचरा’ म्हणण्याची रीत होती. आज त्या भागातून निघणारे हजारो लांब, प्रथिन न बनवणारे आरएनए नोंदवलेले आहेत. इंग्रजीतून आलेले त्यांचे नाव ‘लाँग नॉनकोडिंग आरएनए’. त्यातले बहुतेक नेमके काय करतात यावर वाद आहेत; काही तर पेशीच्या कारखान्यातला भुसाच असावेत. एक्सिस्टबद्दल मात्र वाद नाही, कारण १९९६ मध्ये उंदरांत हे जनुक काढून टाकल्यावर तो एक्स मिटूच शकला नाही. २०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकुन यांना मिळाले ते प्रथिन न बनवणाऱ्या, पण अवघ्या वीस-बावीस अक्षरांच्या सूक्ष्म आरएनएसाठी. त्या निमित्ताने या साऱ्या बिरादरीची चर्चा झाली, हे चांगलेच झाले.

डीएनएची अक्षरे तीच ठेवून जनुके उघडण्या-मिटण्याच्या या व्यवस्थेला एपिजेनेटिक्स म्हणतात. हल्ली हा शब्द आरोग्यतपासणीच्या महागड्या पॅकेजांवरही झळकू लागला आहे. ‘तुमचे एपिजेनेटिक वय’ सांगून आहाराचा तक्ता विकणाऱ्यांनी जी६पीडीची साधी चाचणी पॅकेजमध्ये घातली असती तर निदान कोणाच्या तरी उपयोगी पडले असते.

या सगळ्याचा गोळीशी काय संबंध? समजा देवगाव रंगारीचे एक जोडपे पावसाळ्यात मुंबईला बांधकामावर गेले. तिथे दोघांना व्हायवॅक्स हिवताप झाला. औषध अर्धवट घेऊन ते गावी परतले आणि दिवाळीनंतर ताप उलटला. डॉक्टरांना आता यकृतातला परजीवी मारायचा आहे, त्याआधी जी६पीडी पाहायचे आहे. वापरात सर्वाधिक असलेली चाचणी फ्लोरोसेंट ठिपक्याची: रक्ताचा थेंब कागदावर घ्यायचा, अतिनील दिव्याखाली धरायचा, चमकला तर ठीक, नाही चमकला तर कमतरता. ही चाचणी साधारण ३० टक्क्यांखालची क्रिया पकडते. नवऱ्याच्या बाबतीत ती पुरेशी आहे. त्याच्या पेशी एकतर चमकणार नाहीतर नाही.

बायकोचा एक एक्स सदोष असेल तर तिच्या रक्तात दोन प्रकारच्या पेशींची मिसळ आहे. निम्म्या पेशी जरी सशक्त असल्या तरी थेंब चमकतो. कागदावर शेरा येतो, ‘नॉर्मल’. पण औषध पोटात गेल्यावर ते सरासरीवर काम करत नाही, ते एकेका पेशीवर काम करते. उरलेल्या निम्म्या पेशी पुरुष रुग्णाच्या पेशींइतक्याच दुबळ्या आहेत आणि त्या तशाच फुटतात. ५० टक्के क्रिया म्हणजे ‘अर्धा पेला भरलेला’ नव्हे. दहा पेल्यांतले पाच काठोकाठ, पाच रिते.

त्यात पुन्हा नाणेफेकीचा भाग आहे. एक्स मिटतो तेव्हा ज्यांच्यापासून पुढे रक्त बनणार आहे अशा पेशी मोजक्याच असतात. थोड्या नाण्यांत छापा-काटा बरोबर निम्मा पडत नाही. त्यामुळे एका स्त्रीत सशक्त पेशी ८० टक्के, तर तिच्या सख्ख्या बहिणीत, अगदी तेच जनुक असूनही, २० टक्के असू शकतात. म्हणजे जनुक वाचून उपयोग नाही, रक्तच मोजले पाहिजे. थायलंड-म्यानमार सीमेवर प्रायमाक्विनच्या जास्त मात्रेची चाचणी झाली तेव्हा ठिपका-चाचणीत पास झालेल्या अशा काही स्त्रियांमध्ये रक्तपेशी धोकादायक प्रमाणात फुटल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

‘एक्सवरचा दोष म्हणजे पुरुषांचा आजार’ हा समज इथे फार नुकसान करतो. एक साधे गणित बघा. एखाद्या समाजात दर शंभर पुरुषांत दहांना ही कमतरता असेल, तर त्याच समाजात दोन्ही एक्स सदोष असलेली स्त्री शंभरात एखादीच. पण एक सदोष, एक निर्दोष अशा स्त्रिया शंभरात साधारण अठरा. बाधित पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट. आणि त्यातल्या बऱ्याचजणी ठिपक्याच्या चाचणीत पास.

प्रायमाक्विनच्या बाबतीत एक दिलासा असतो. ते काही तासांत शरीरातून उतरते. लघवी काळी दिसली, गोळी थांबवली, की पुढचे नुकसान आटोक्यात येते. टॅफेनोक्विनला ही सोय नाही. तिचा रक्तातला अंश निम्म्यावर यायलाच सुमारे दोन आठवडे लागतात. जो गुण तिला एका मात्रेत पुरेसे बनवतो, तोच पेशी फुटू लागल्यावर नडतो. गिळलेली गोळी परत घेता येत नाही. म्हणूनच ती ७० टक्क्यांहून अधिक जी६पीडी क्रिया असलेल्यांनाच द्यायची, अशी अट आहे. ३० आणि ७० यांच्या मधले लोक ओळखायचे तर आकडा सांगणारे यंत्र हवे, चमकणारा ठिपका नव्हे. त्या मधल्या पट्ट्यात प्रामुख्याने स्त्रियाच असतात.

भारताने २०२७ पर्यंत स्थानिक हिवताप शून्यावर आणण्याचे आणि २०३० पर्यंत तो हद्दपार करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. फॅल्सिपेरम हटवणे तुलनेने सोपे. शेवटपर्यंत चिवटपणे उरतो तो व्हायवॅक्स, कारण तो माणसाच्या यकृतात बसून गावोगाव फिरतो. त्यामुळे उद्या एका मात्रेची गोळी कार्यक्रमात आणा, असा आग्रह वाढणार हे उघड आहे, आणि तो रास्तही आहे. माझे म्हणणे इतकेच की गोळी आणि आकडा सांगणारी चाचणी एकाच खोक्यात यायला हवी. गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि चाचणी घाटी रुग्णालयात, अशी वाटणी झाली तर देवगाव रंगारीहून छत्रपती संभाजीनगरला जाऊन येण्यात मजुराचा कामाचा दिवस बुडतो, आणि बाईसाठी तो दिवस सर्वांत शेवटी काढला जातो. हातात मावणारी, बोटाच्या थेंबावर काही मिनिटांत आकडा देणारी यंत्रे आता आहेत. पूर्वपात्रता मिळालेली चाचणी त्याच प्रकारची आहे.

यावरून प्रायमाक्विनला घाबरून ते टाळणेही चुकीचे. कमतरता असलेल्यांसाठी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, देखरेखीखाली प्रायमाक्विन देण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीत आहे. गरोदरपणात मात्र ही दोन्ही औषधे देत नाहीत, कारण पोटातल्या बाळाचे जी६पीडी कोणी मोजलेले नसते.

मिटलेल्या एक्सचे परिणाम एवढ्यावर थांबत नाहीत. हिमोफिलियाच्या कुटुंबांत आईला वर्षानुवर्षे ‘वाहक’ म्हटले गेले, म्हणजे आजार मुलाचा, हिने फक्त आणून दिला. तिच्यातही निर्दोष एक्स जास्त पेशींत मिटलेला असेल तर रक्त गोठवणारा घटक कमी पडतो; पाळीत अतिरक्तस्राव होतो, दात काढल्यावर रक्त थांबत नाही. ‘बायकांचे असतेच’ म्हणून ते दुर्लक्षिले जाते. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी परिभाषाच बदलली: घटकाचे प्रमाण ४० टक्क्यांखाली असेल तर ती स्त्री वाहक नव्हे, हिमोफिलियाची रुग्ण. कागदावरचा हा एक शब्द बदलल्याने तिची तपासणी होऊ लागते.

ल्यूपसच्या दर दहा रुग्णांत नऊ स्त्रिया का, याचाही एक धागा एक्सिस्टकडे जातो. फेब्रुवारी २०२४ मध्ये स्टॅनफर्डच्या हॉवर्ड चँग यांच्या गटाने नर उंदरांत मुद्दाम एक्सिस्ट आरएनए बनवायला लावला, जनुके मिटवण्याची ताकद काढून. या आजाराकडे आधीच कल असलेल्या जातीच्या नरांत मग ल्यूपससारखा आजार जवळपास माद्यांच्या प्रमाणात दिसू लागला. एक्सिस्टला चिकटणाऱ्या प्रथिनांचा तो मोठा गोळाच प्रतिकारशक्तीला शत्रू वाटत असावा, असा त्यांचा तर्क; ल्यूपसच्या रुग्णांच्या रक्तातही या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. हा उंदरांवरचा प्रयोग आहे आणि संप्रेरकांचा वाटा त्याने खोडला जात नाही. शिवाय मिटलेल्या एक्सवरची सुमारे १५ टक्के जनुके पूर्ण मिटत नाहीत, त्यांचाही हातभार आहेच. दुसरीकडे, जीन लॉरेन्स यांच्या प्रयोगशाळेने २०१३ मध्ये डाउन सिंड्रोमच्या पेशींतल्या जादा २१ व्या गुणसूत्रावर एक्सिस्ट बसवून ते गुणसूत्र गप्प करून दाखवले. काचेच्या बशीतले यश आहे ते, उपचार नव्हे.

घरच्या घरी लक्षात ठेवण्याजोग्या गोष्टी मात्र साध्या आहेत. जी६पीडी कमी असलेल्या नवजात बाळाला कावीळ होण्याची शक्यता जास्त, आणि डांबरगोळ्यांमधले नॅफ्थलीन तिला तीव्र करू शकते. बाळंतिणीसाठी ट्रंकेतून काढलेली दुपटी आणि गोधड्या धुऊन, उन्हात वाळवूनच वापराव्यात. शंका असेल तर डांबरगोळ्या घरात नकोतच. बाकला, म्हणजे फावा बीन, या लोकांना वर्ज्य आहे. आपले वाल आणि पावटा या वेगळ्या वनस्पती आहेत. मुलाला ही कमतरता निघाली तर त्याच्या आईची आणि बहिणींची चाचणी करावी, तीही आकडा देणारी. आणि रक्त फुटण्याचा झटका चालू असताना केलेली चाचणी ‘नॉर्मल’ आली तर तिच्यावर विसंबू नये. दुबळ्या पेशी फुटून गेलेल्या असतात, नळीत उरतात त्या सशक्त आणि नव्या. तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असल्याने ही चाचणी तीन महिन्यांनी पुन्हा करून घ्यावी लागते.